शिंगाच्या ऑपरेशनआधी बैल उपाशी का ठेवायचा?

प्रश्न : आमच्या बैलाच्या शिंगाला कॅन्सर झालाय. डॉक्टर शिंग काढणार आहेत. २४ तास चारा बंद करा म्हणतात. गावातले लोक म्हणतात, उपाशी बैल दगावतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या आमच्या घोडीची जखम शिवताना, बैलाला देणार तेच झायलॅझिन हे गुंगीचं औषध भरपूर दिलं होतं. मग बैलाला इतकं जपून का? (शेतकरी, ता. शहादा)

उत्तर : भाऊ, घोडीचा हिशेब बैलाला लावू नका. झायलॅझिन घोड्याला शिरेतून किलोमागे सुमारे १.१ मिलिग्रॅम लागतं, बैलाला मात्र ०.०५ ते ०.१ पुरतं. म्हणजे ४०० किलोच्या बैलाला २० ते ४० मिलिग्रॅम. बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. मिलीमागे २० मिलिग्रॅमच्या बाटलीतला १ मिली बरोबर बसतो. १०० च्या बाटलीतला तोच १ मिली पाचपट होतो. बैल आडवा पडतो, श्वास मंदावतो. म्हणून लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरायची नाही.

आता उपासाचं. गुंगीत कोठीपोटाची, म्हणजे चारा साठतो त्या मोठ्या पोटाची, हालचाल थांबते, ढेकर येत नाही, वायू साचून पोट फुगतं आणि फुप्फुसं दाबली जातात. पोट दादर ज्वारीच्या कडब्याने नि ढेपेने भरलेलं असेल तर पातळ चारा घशात येऊन श्वासनलिकेत उतरतो. त्यातून होणारा न्यूमोनिया ऑपरेशनपेक्षा जड जातो. चारा २४ तास, पाणी १२ तास बंद ठेवा. मोठं जनावर एवढ्याने दगावत नाही. दुधावरच्या वासराला मात्र हा नियम नाही.

लाळ सुकवायला अॅट्रोपिन द्या, असा आग्रह धरू नका. गाई-बैलांत लाळ थांबत नाही, घट्ट होते आणि पोट आणखी सुस्तावतं. त्यापेक्षा मानेखाली पोतं ठेवून तोंड उतरतं ठेवा, लाळ आपोआप बाहेर पडते. बैलाला छातीवर बसवा. कुशीवर झोपवावंच लागलं तर डावी कूस वर. झायलॅझिनने बैल शांत होतो, पण शिंग बधिर होत नाही. त्यासाठी डोळा आणि शिंगाच्या मध्ये २ टक्के लिग्नोकेन वेगळं द्यावं लागतं.

ऑपरेशन पहाटेच करा. झायलॅझिनने शरीराला आपलं तापमान सांभाळता येत नाही आणि आपल्याकडचं वैशाखाचं ऊन तर सावलीतही सोसवत नाही. नंतर ‘जीव यावा’ म्हणून नळीने गूळपाणी अजिबात पाजू नका. अर्धवट गुंगीत ते थेट फुप्फुसात जातं. स्वतः उठून नीट गिळू लागला की मगच बादली पुढे करा. लघवी तुंबलेल्या बैलाला हे औषध नको, कारण त्याने लघवी वाढते आणि मूत्राशय फुटू शकतं.

प्रश्न : चार महिन्यांच्या गाभण शेळीची जखम शिवायची आहे. गुंगी द्यावी का? (ता. साक्री)

उत्तर : झायलॅझिन नको, ताई. गर्भाशय आकुंचन पावून शेळी गाभडू शकते. जागाच बधिर करून घ्या, पण ३० किलोच्या शेळीला २ टक्क्यांचं लिग्नोकेन एकूण ७ मिलीच्या वर नको, झटके येतात. पाण्याने नव्हे, सलाईनने निम्मं पातळ केलं की तेवढ्याच औषधात मोठी जागा बधिर होते.