त्या ३४ स्लाइड कोणाच्या होत्या?

प्रश्न: माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. कॉलेजच्या सेमिनारमध्ये 'औषधांना दाद न देणारे जिवाणू' यावर तिला १० मिनिटं बोलायचं होतं. तिच्या बाबांनी आणि मी रात्री जागून ३४ स्लाइड बनवून दिल्या, आठ दिवस रोज भाषण पाठ म्हणून घेतलं. तरी सहाव्या स्लाइडला ती अडखळली आणि पुढे पडद्याकडे बघून नुसती वाचत राहिली. शेवटी कुणीतरी प्रश्न विचारला तेव्हा फळ्यावर आकृती काढून नीट बोलली म्हणे, पण त्याचा काय उपयोग? तिच्यात स्टेज डेअरिंगच नाही. संशोधनाचा नाद सोडून तिला बँकेच्या परीक्षांना बसवावं का? की व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स लावावा?

उत्तर: ताई, पत्र वाचताना मी 'बनवून दिल्या' या शब्दांपाशी थांबलो. तुम्ही दोघं जागलात ते मायेपोटी, हे मला कळतं. पण सादरीकरणातली निम्मी मेहनत काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवण्यात असते. नेमकं तेच काम तुम्ही तिच्या हातून काढून घेतलंत आणि दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं तिच्याकडून घोटून घेतलीत. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचं सगळंच निसटतं. सहाव्या स्लाइडला तेच झालं. यात डेअरिंगचा प्रश्न कुठे आला?

जितका मजकूर जास्त तितका अभ्यास जास्त दिसतो, हा समज फार घट्ट बसलेला आहे. २००३ साली 'कोलंबिया' हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना तुटलं आणि सातही अंतराळवीरांचा जीव गेला. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्याबद्दल सादरीकरणही केलं होतं. पुढे चौकशी मंडळाने त्यातल्या एका स्लाइडवर बोट ठेवलं. आधीच्या चाचणीत आदळवलेला फोमचा तुकडा ३ घन इंचांचा, इथे हिशेब १९२० घन इंचांचा. पण ही ओळ उपमुद्द्यांच्या गर्दीत अगदी तळाशी होती आणि मथळा वाचून धीर येत होता. माहिती पडद्यावर होती, समोरच्यांपर्यंत पोचली नाही. शिवाय माणूस एकाच वेळी नीट वाचू आणि नीट ऐकू शकत नाही. पडद्यावर परिच्छेद टाकला की श्रोते तो वाचतात आणि बोलणारी एकटी पडते.

महत्त्वाची ओळ तुमच्या पत्रातही तळाशीच आहे. प्रश्न आल्यावर तिने स्वतः खडू घेतला, चित्र काढलं आणि समजावलं. उत्तम सादरीकरण ते हेच. एमएस्सीची प्रवेश परीक्षा तिला हवी असेल तर ती देईल. बँकेची परीक्षाही चांगली, पण तिची इच्छा असेल तरच. एका फसलेल्या सेमिनारवरून दिशा बदलू नका. कोर्सही नको.

पुढच्या वेळी तिला कागदावर एकच वाक्य लिहू द्या: ऐकणाऱ्याने घरी जाताना काय घेऊन जावं? त्या वाक्याला हातभार लावत नाही ती स्लाइड गेली. १० मिनिटांना सात-आठ पुरतात. मथळ्यात 'प्रतिरोधाची कारणे' असं मोघम लिहू नये. 'अर्धवट मारा झाला की तगडे जिवाणू उरतात' असं पूर्ण विधान लिहावं. आलेख दाखवला की आधी आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे ते सांगावं, क्षणभर थांबावं, मग निष्कर्ष. लाल आणि हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही, म्हणून रेषांची नावं रेषांशेजारीच लिहावीत. शेवटच्या बाकावरून अक्षर वाचता येतं का, हे तिने आदल्या दिवशी तिथे बसून पाहावं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ असू दे, मधलं बोलण्यातून येऊ दे. प्रोजेक्टर बंद पडला तर फळा आहेच, आणि तो तिला जमतो.

तुमच्यासाठीही एक काम आहे. घड्याळ लावून तिच्यासमोर बसा, मध्ये एकदाही टोकू नका. संपल्यावर 'हात हलवत होतीस' वगैरे काही न बोलता, तुम्हाला काय कळलं तेवढं तुमच्या शब्दांत तिला सांगा. जिथे तुम्ही अडाल, तिथे काय बदलायचं ते तिचं ती ठरवेल.