माडीवरची सुई का उडते?

प्रश्न : पणजीत मळ्याला आमचं जुनं घर आहे. रेकॉर्ड प्लेअर माडीवर, फळ्यांच्या जमिनीवरच्या शिसवी कपाटावर ठेवला आहे आणि दोन्ही स्पीकर त्याच कपाटाच्या दोन टोकांना. नात धावत आली की सुई उडते. शिवाय आवाज जरा वाढवला की तानपुऱ्याचा खर्ज गढूळ होतो. दुकानदार म्हणतात, हादरे अडवणारा स्प्रिंगचा आयसोलेशन प्लॅटफॉर्म घ्या. मुलगा म्हणतो, कडप्पा आणि खाली रबर पुरे. काय घ्यावं? – एक वाचक, पणजी

उत्तर : आत्ता काहीच घेऊ नका. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. सुई उडते ती जमिनीमुळे आणि खर्ज गढूळ होतो तो स्पीकरमुळे. एका औषधाने दोन्ही जायची नाहीत.

खर्जाचं आधी बघू, कारण ते बिनपैशाचं आहे. स्पीकर वाजला की कपाट थरथरतं. ती थरथर सुईला लागते, सुईकडून अॅम्प्लिफायरला जाते आणि मोठी होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावलेला असेल, तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 वेळा कंप पावते. लाकडी कपाटं त्याच सुमाराला घुमतात, म्हणून नेमका तो सूर फुगतो आणि वरची आस झाकून जाते. रात्री घर शांत झालं की एक करून बघा. तबकडी बंद ठेवून सुई रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज अगदी हळूहळू वाढवत न्या. घुमारा आपोआप चढायला लागला की लगेच आवाज उतरवा. मग स्पीकर कपाटावरून खाली, वेगळ्या स्टँडवर घ्या आणि तेच पुन्हा करा. फरक तुम्हाला स्वतःला ऐकू येईल. ऐकताना प्लेअरचं झाकणही काढून ठेवत जा. ते पातळ प्लास्टिक हवेतला आवाज पकडतं आणि खाली पोचवतं.

आता नात. तिला धावू द्या, दोष जमिनीचा आहे.

म्हापशात एका जुन्या घरी मी स्वतः एका हलक्या प्लेअरखाली चार स्प्रिंगचे पाय बसवले होते. पाय उत्तम होते. आधी तिथे धावलं की सुई उडायची, पाय लावल्यावर नुसतं चाललं तरी उडायला लागली. वाकून पाहिलं तर प्लेअर होडीसारखा डुलत होता. त्या घरच्यांना मी दुसऱ्या दिवशी पैसे परत केले आणि तेव्हापासून जमिनीवर टाच आपटून पाहिल्याशिवाय कुणालाही स्प्रिंग सांगत नाही.

कारण असं. प्रत्येक स्प्रिंगची, रबराचीही, डुलण्याची स्वतःची गती असते. वजन ठेवल्यावर ती 1 सेंटिमीटर दबली तर सेकंदाला साधारण 5 वेळा डुलते. अडीच मिलिमीटर दबली तर 10 वेळा. आपल्या गतीच्या जवळपास दीडपट वरचे हादरे ती अडवू लागते. त्याच्या खालचे अडवत नाहीच, आणि आपल्या गतीशी जुळणारे तर वाढवते. जुन्या माडीच्या लांब तुळयाही पावलांखाली अशाच सावकाश डुलतात. दोन्ही जुळले की म्हापशात झालं ते होतं. मुलाच्या कडप्प्याखालचं रबर दोन-अडीच मिलिमीटर दबेल, म्हणजे सेकंदाला 10 ते 11. प्लेअरचा दांडा आणि सुई यांची स्वतःची डुलही बहुतेक 8 ते 12 मध्येच असते. म्हणजे दुखऱ्या जागेवरच बोट.

म्हणून तुमच्या घरात प्लेअर जमिनीवरून उठवून भिंतीवर न्यावा, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याकडे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जाड भिंत आहे. ती पावलांनी हलत नाही. सरळ लोखंडी ब्रॅकेट, वर हलकी घट्ट फळी, बस्स. स्प्रिंग नको, रबर नको. माडीवर पुरेसा रुंद कोनाडा असेल तर त्याहून चांगली जागा नाही, फक्त आत 45 सेंटिमीटर रुंदी आणि 35 खोली मिळते का ते टेपने मोजा. जिन्याची भिंत आणि दार आपटतं ती भिंत टाळा. लाकडी पार्टिशनचा विचारही नको.

चिऱ्यात ब्रॅकेट बसवणं मात्र चांगल्या गवंड्याचं काम आहे. चिरा मऊ आणि भोकांचा, वरचा चुन्याचा गिलावा भुसभुशीत. बाजारातला छोटा प्लास्टिकचा गट्टू त्यात फिरतो आणि महिन्याभरात सुटतो. गिलाव्याच्या आत, चिऱ्यात चांगलं चार इंच भोक घ्यायला सांगा, धूळ फुंकून काढून, भोक ओलं करून ब्रॅकेटचं शेपूट सिमेंटात पुरा आणि आठवडाभर वजन ठेवू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढा.

तोवर प्लेअर खोलीच्या मधे असेल तर कडेला न्या, पण कुठल्याही कडेला नव्हे. फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा बघा. तुळया त्याच दिशेने जातात. रांग ज्या भिंतीला जाऊन भिडते, तिथे तुळईचं टोक भिंतीत बसलेलं असतं आणि जमीन सगळ्यात कमी हलते.

प्रश्न : वास्कोला चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, काँक्रीटची जमीन. कुणी चाललं तर काही होत नाही, पण शेजारच्या भिंतीपलीकडचं वॉशिंग मशीन कपडे पिळू लागलं की खालून घरघर ऐकू येते. प्लेअर 6 किलोचा आहे. – एक वाचक, वास्को

उत्तर : इथे प्लॅटफॉर्म खरंच उपयोगी पडेल. मशीन पिळताना मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर हादरे सेकंदाला 20. सेकंदाला 5 वेळा डुलणाऱ्या स्प्रिंगवर कागदोपत्री त्याचा पंधरावा हिस्सा वर पोचतो, 10 वेळा डुलणाऱ्या रबरावर तिसरा. म्हणून तुम्ही स्प्रिंग घ्या.

45 बाय 35 सेंटिमीटरचा, 2 सेंटिमीटर जाडीचा कडप्पा घ्या. तो साधारण साडेआठ किलो भरतो. प्लेअर धरून साडेचौदा झाले, म्हणजे कडप्प्याखालच्या चार स्प्रिंगच्या पायांवर सरासरी साडेतीन किलोच्या वर. पण वजन सारखं वाटलेलं नसतं, मोटरची बाजू जड असते. कडप्प्यावर प्लेअर ठेवून एका कोपऱ्याखाली स्वयंपाकघरातला काटा आणि बाकी तिघांखाली त्याच उंचीचे ठोकळे ठेवून चारही कोपरे एकेक करून मोजा, आकडे कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात न्या. पाय किती किलोसाठी आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका. कमी वजनात स्प्रिंग दबतच नाही, जास्त झालं तर तळाला टेकते. दोन्हीकडे पैसे पाण्यात.

वास्कोची खारी हवा साध्या पोलादाला खाते, तेव्हा स्प्रिंग स्टेनलेसची मागा. कडप्प्यावर बोटाच्या पेराने ठोकून बघा, घंटेसारखा वाजला तर प्लेअरखाली जाड फेल्ट घाला. आणि मागची वायर ताठ ओढलेली ठेवू नका. स्प्रिंगने अडवलेला हादरा वायरमधून वर चढतो, म्हणून तिला एक सैल वळसा द्या.