बडोद्यात मंडळातर्फे 'मॅन ऑन वायर' हा माहितीपट दाखवायचा आहे. तारेवरचं ते चालणं खरं की ट्रिक? आणि बघताना नेमकं काय बघावं?

खरं आहे. 7 ऑगस्ट 1974 च्या सकाळी फिलिप पेती हा फ्रेंच तरुण न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये बांधलेल्या तारेवर पाऊण तास होता. जाऊन-येऊन आठ फेऱ्या, उंची 400 मीटरहून जास्त. केवडियाचा सरदारांचा पुतळा 182 मीटरचा, म्हणजे त्याच्या दुपटीच्याही वर. परवानगी अर्थातच नव्हती.

प्रेक्षकांना एक गोष्ट आधीच सांगून टाका: त्या चालण्याचं चित्रीकरण झालेलंच नाही. पडद्यावर दिसतात ती छायाचित्रं. पेतीच्या आधीच्या चालण्यांची, म्हणजे पॅरिसचं नोत्र दाम चर्च (1971) आणि सिडनीचा पूल (1973) इथली दृश्यं, फ्रान्समधल्या माळावरचा सराव, हे अस्सल. काळ्या-पांढऱ्यातले बरेच प्रसंग मात्र नटांकडून करून घेतलेले आहेत. ज्यांना चक्कर आणणारी उंचीच बघायची असेल त्यांना याच घटनेवरचा 2015 चा 'द वॉक' हा नटांचा चित्रपट दाखवा. माझं मत विचाराल तर माहितीपटच सरस, कारण तो तार बांधण्याला वेळ देतो. पेती पडेल की नाही हे तारेवर पाऊल ठेवण्याआधी, रात्रभरात ठरत होतं.

तर बघायचं ते बांधकाम. मनोऱ्यांमध्ये चाळीसेक मीटरची पोकळी. जड पोलादी तार फेकून पलीकडे जात नाही, म्हणून धनुष्यबाणाने आधी तंगूस (मासेमारीचा बारीक दोरा) सोडला. अंधारात तो हाताला लागेना, तेव्हा पेतीने कपडे काढून अंगाला स्पर्श कुठे होतो ते चाचपलं. मग तंगुसाला दोरी, दोरीला दोरखंड, दोरखंडाला तार, असं टप्प्याटप्प्याने ओढायचं. मधला टप्पा गाळला तर बारीक दोर तुटतो. घोटाळा झाला तो तारेच्या वजनाने. ती हातून सुटत गेली, दोन मनोऱ्यांमध्ये लोंबली, आणि ती वर घेण्यातच रात्र सरली.

ताण किती लागतो, याचा साधा हिशोब करता येतो. माणूस 70 किलो, तोल सांभाळायची काठी 25 किलो, तो मधोमध उभा असताना तार अर्धा मीटर खाली वाकते (हा झोल) असं धरा. ताण = वजन × अंतर ÷ (4 × झोल) = 95 × 40 ÷ 2 = 1900 किलो. झोल निम्मा हवा असेल तर ताण दुप्पट. तारेचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही.

एवढा ताण देऊनही तार बाजूला हलते, शिवाय वळून बनवलेली असल्याने पीळ सोडू पाहते. पायाखालची तार फिरली की तोल संपला. म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या ताणदोऱ्या लावतात. पटात त्यांना 'कावालेत्ती' म्हणतात. एरवी त्या जमिनीत ठोकतात. इथे जमीनच नव्हती, त्यामुळे छपरांवरच बांधाव्या लागल्या. कोन अरुंद झाला की पकड कमी होते. हा भाग चर्चेत जरूर घ्या.

काठी सुमारे आठ मीटरची. ती हातात असली की कलण्याला होणारा विरोध दुपटीहून वाढतो, म्हणजे सावरायला वेळ मिळतो. शरीर उजवीकडे कललं तर काठीचं उजवं टोक खाली दाबायचं, वर नाही. उलट वाटतं, पण काठी त्या बाजूला फिरली की अंग डावीकडे ढकललं जातं. टोकं वाकलेली असल्याने गुरुत्वमध्य जरा खाली येतो, तारेच्या खाली मात्र जात नाही. डोंबाऱ्याची मुलगी बांबू धरते ती याच कारणाने. तिची दोरी जेमतेम काही मीटर लांब, कैचीसारख्या बांबूंवर टेकवून मागे खुंट्यांना ओढलेली, म्हणून तिला ताणदोऱ्यांवाचून निभतं.

आता दाखवण्याचं. लांबी साधारण 94 मिनिटं, मध्यंतर नको, कारण सगळी मांडणी दरोड्याच्या बेतासारखी चढत जाते. लोक इंग्रजी-फ्रेंच मिसळून बोलतात, तेव्हा उपशीर्षकं आधी चालवून बघा आणि मागच्या रांगेतून वाचता येतात का ते तपासा. चालणं संपल्यानंतर नग्नतेचा एक छोटा प्रसंग आहे. बालगोपाळ येणार असतील तर पालकांना आधी कल्पना द्या, किंवा तेवढा तुकडा पुढे सरकवायला कुणाला तरी रिमोट घेऊन बसवा.