मॉर्फिनसारख्या ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) औषधांचा डोस जास्त झाल्यावर उतारा म्हणून नॅलोक्सोन दिलं आणि पेशंट शुद्धीवर आला, तरी तो परत बेशुद्ध का पडू शकतो?

कारण नॅलोक्सोन मॉर्फिनला शरीरातून बाहेर काढत नाही, फक्त त्याची जागा बळकावतं. मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत मू नावाचे रिसेप्टर (पेशींवरच्या, औषध जिथे चिकटतं त्या जागा) असतात, मॉर्फिन, फेंटॅनिल वगैरे त्यांना चिकटले की वेदनेचा निरोप पुढे जाणं कमी होतं, पण तेच रिसेप्टर श्वासाचा ताल ठेवणाऱ्या भागातही आहेत म्हणून डोस जास्त झाला की श्वास मंदावतो आणि जीव जातो तो त्यानेच. नॅलोक्सोन त्याच रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटतं पण त्याला चालू करत नाही, त्यामुळे शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांतच पेशंट श्वास घ्यायला लागतो. खरी गोम पुढे आहे. त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटंच टिकतो, आणि मेथाडोनसारखं ओपिऑइड औषध त्याहून कितीतरी जास्त वेळ रक्तात राहतं, मग नॅलोक्सोन उतरलं की ते परत रिसेप्टरवर जाऊन बसतं. म्हणून माणूस उठून बोलायला लागला तरी प्लीज त्याला एकटं सोडू नका, हॉस्पिटलमध्ये न्याच, पुन्हा डोस लागू शकतो. आणि रोज ओपिऑइड घेणाऱ्याला हे दिल्यावर एकदम उलट्या, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो, त्याला खूप त्रास होतो पण श्वास चालू राहणं आधी महत्त्वाचं.