गणिताचं पुस्तक आधी परत आणा

पत्र: मुलगी बारावीत आहे, गुजरात बोर्ड. दहावीला गणितात 84 होते, म्हणून अकरावीत एबी ग्रुप, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही, घेतला होता. मग एका कंपनीकडून लाळेची डीएनए टेस्ट करून घेतली, रिपोर्टमध्ये मॅथ्स 'लो' आणि सायन्स 38 टक्के आलं. ह्यांनी लगेच गणित सोडायला लावलं. ती आता स्वतःच म्हणते की माझ्या जीन्समध्येच नाही, पण करायचंय मात्र जेनेटिक्सच. करू द्यावं, की बी.कॉम.ला घालावं? – एक आई, दांडिया बाजार, बडोदा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडकले, 'माझ्या जीन्समध्येच नाही'. ज्या मुलीला दहावीत 84 मिळाले तिला हे घरात कुणीतरी ऐकवल्याशिवाय सुचणार नाही. मला तिच्या मार्कांची अजिबात काळजी वाटत नाहीये, ह्या वाक्याची वाटतेय. वडिलांचा हेतू चांगलाच असणार, पण पैसे भरून आणलेल्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला आणि समोर बसून गणितं सोडवणाऱ्या पोरीवर नाही, हे चुकलंच.

आता त्या रिपोर्टचं बघू. डीएनए टेस्ट खोटी नसते, पण तिला काय विचारतोय त्यावर सगळं आहे. सिकल सेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या एका जीनमधलं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, ते टेस्टमध्ये स्वच्छ दिसतं, आणि आपल्या छोटा उदेपूरकडच्या आदिवासी भागात ह्या तपासणीचा खरोखर उपयोग होतो. गणिताचा असा एक जीन नाहीच. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत मिळून, सुमारे 300 कोटी अक्षरं आणि 20 हजारांच्या आसपास प्रोटीन बनवणारे जीन्स आहेत. 2022 मध्ये 30 लाख लोकांचा एक अभ्यास आला, माणूस किती वर्षं शिकतो ह्याच्याशी संबंध असलेल्या जवळपास 4 हजार जागा त्यात जीनोमवर सापडल्या, आणि जीनोमभरच्या जागांचा हिशोब एकत्र करूनही माणसामाणसातल्या फरकापैकी 12 ते 16 टक्केच उलगडला. तोही गटाच्या सरासरीचा हिशोब, त्यातले लोक युरोपीय वंशाचे, आणि आईवडिलांनी घरात दिलेलं वातावरणसुद्धा त्यातच मिसळलेलं. त्यावरून बडोद्याच्या एका मुलीला 38 टक्के कसे देता येतात? नाही येत. तो आकडा विसरा.

आणि गंमत नाही, मनापासून सांगते, ह्याचं उत्तर तुमच्या लेकीच्या बारावीच्या बायोलॉजीतच आहे. तिला लॅक ऑपेरॉन विचारा, म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा जीन्सचा एक गट. ई. कोलाय ह्या बॅक्टेरियात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवायचे जीन्स कायम असतात, पण लॅक्टोज मिळत नाही तोवर रिप्रेसर नावाचं प्रोटीन वाट अडवून बसलेलं असतं, ग्लुकोज संपलं आणि लॅक्टोज मिळालं की तेच जीन्स जोरात कामाला लागतात. जेकब आणि मोनो यांनी 1961 मध्ये हे मांडलं, 1965 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जीन असणं आणि जीन चालणं ह्यात एवढं अंतर एका बॅक्टेरियातसुद्धा आहे, मग माणसाच्या मुलीचं काय बोलायचं!

जेनेटिक्स जरूर करू द्या. आयसर आणि नायसर ह्या विज्ञानाच्या राष्ट्रीय संस्था, आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा आहे, नायसरसाठी नेस्ट, नाहीतर इथेच बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत बीएस्सी आणि पुढे जीएटी-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पण आयएटीत गणिताचे प्रश्न असतात, आणि आज जीनोमचं काम म्हणजे निम्मं स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग, म्हणजे जो विषय तुम्ही काढून घेतलात तोच तिला लागणार आहे. बोर्डाला गणित नसलेला बी ग्रुपच राहू दे, आता ओढाताण नको, पण अकरावीचं गणिताचं पुस्तक परत तिच्या टेबलावर ठेवा, रोज तासभर पुरे. बी.कॉम. वाईट नाही हो, पण ते तिने मागितलेलंच नाही.

आणि ते पुस्तक वडिलांनी स्वतः आणून द्यावं, रिपोर्ट चुकला हेही त्यांनीच तिला सांगावं, तुम्ही नाही. त्यानंतर मला पत्र येऊ दे ते तिचं.