पावडर आणि टेरेन पार्क, दोन्हीसाठी स्कीची एकच जोडी चालेल का?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की सॉल्ट लेक सिटीत येऊन दोन हिवाळे झाले, काळ्या, म्हणजे अवघड, उतारांवर आता पोटात गोळा येत नाही, ताज्या पावडरची, म्हणजे पिठासारख्या भुसभुशीत बर्फाची, चटक लागली आहे आणि टेरेन पार्कमध्ये, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी मुद्दाम बनवलेल्या भागात, उड्या मारणारी पोरं बघून पाय शिवशिवतात. गॅरेजमध्ये जागा मात्र एकाच जोडीला आहे. शिवाय कुणीतरी सांगितलंय की ‘ट्विन टिप (दोन्ही टोकं वर वळलेली स्की) घे, दोन्हीकडे चालते.’

हे ‘कुणीतरी’ मला चांगलं ओळखीचं आहे. तुमच्याकडे ऑफिसातला मित्र असेल, माझ्याकडे ते साडूच्या रूपाने आलं.

नाही चालत. आता का ते ऐका.

2022-23 चा हिवाळा तुम्ही इथे पाहिलेला नाही. त्या मोसमात आल्टा या इथल्या स्की रिसॉर्टला 900 इंचांहून जास्त बर्फ पडला. दारापुढचा बर्फ उपसून उपसून माझी कंबर गेली होती. फेब्रुवारीत साडू डेन्व्हरहून आले. मोठ्या मेहुणीचे यजमान, कोलोरॅडोत वीस वर्षं मुरलेले, आणि डोंगरावरच्या कुठल्याही विषयात शेवटचा शब्द आपलाच हे गृहीत धरून चालणारे. माझ्याकडे तेव्हा एकच जोडी होती, पार्कची. 171 सेंटिमीटर लांब, बुटाखाली 84 मिलिमीटर रुंद, पूर्ण कॅम्बर (मध्ये धनुष्यासारखी उचललेली), बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा सांगाडा, जवळजवळ मधोमध. ब्रायटन रिसॉर्टला संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात बॉक्सवरून (पार्कमधल्या लांब, सपाट पेटीवरून) घसरायला म्हणून घेतलेली, आणि त्या कामाला झकास.

रात्रीतून जवळपास दोन फूट पडला होता. मी म्हटलं, वर जाताना भाड्याने एक रुंद जोडी घेऊ. साडू म्हणाले, “अहो, कशाला पैसे घालवता? ट्विन टिप आहे ना? दोन्ही टोकं वर वळलेली. बुडेलच कशी? आणि स्कीने काही होत नसतं, पाय चालले पाहिजेत.”

पाय चालले पाहिजेत. तेव्हापासून मी या एका वाक्याशी भांडतोय.

आल्टा जिथे आहे त्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये, म्हणजे दरीत, वर पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. पहिली दोन वळणं निभावली. तिसऱ्या वळणाला उतार मंदावला, वेग गेला आणि नांगराचा फाळ ढेकळाखाली घुसावा तशी दोन्ही टोकं खाली गेली. स्की थांबल्या, मी नाही थांबलो. नाकात, कानात, कॉलरमधून पाठीवर बर्फ. उठायला हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत. उजव्या पायाला स्की होती, डाव्या पायाला नुसता बूट. आजूबाजूला पांढरं, सपाट, इस्त्री केल्यासारखं. स्की गेली त्या जागी साधी भेगसुद्धा नाही.

बाइंडिंगला ब्रेक असतो, मान्य. तो कडक बर्फावर दात रोवतो. पावडरमध्ये स्की पृष्ठभागाखालून माशासारखी सुळकन निघून जाते आणि ब्रेक बिचारा हवेत हातपाय मारल्यासारखा पिठात हातपाय मारतो.

दीड तास शोधली. मी पडलो होतो तिथून खालच्या बाजूला उकरत राहिलो, कारण वस्तू घसरते ती खाली, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. चूक. माणूस सुटून पुढे उडतो, स्की बहुतेक वेळा मागे, वरच्या अंगाला राहते. साडू पाच मिनिटं थांबले, “मी खाली लिफ्टपाशी आहे” म्हणाले आणि त्यांच्या 116 मिलिमीटरच्या जोडीवर डुलत डुलत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी नऊ फेऱ्या मारल्या. जेवताना आकडा दोनदा सांगितला.

मी एका स्कीवर उतरलो. उतरलो कसला, खरडत आलो.

मुळात झालं काय होतं? टोक वर वळलेलं आहे एवढ्याने स्की तरंगत नाही. ट्विन टिपचं मागचं टोक वळवलेलं असतं ते उलटं उतरता यावं, उडी मारून पाठमोरं टेकता यावं म्हणून. 1998 साली सालोमन कंपनीची टेनएटी ही स्की आली, स्कीपटू माइक डग्लस आणि त्याच्या कॅनेडियन मित्रांच्या डोक्यातून निघालेली, तीच मुळी या कामासाठी. नावच 1080, म्हणजे हवेत तीन पूर्ण गिरक्या. पिठात पोहणं तिच्या पत्रिकेत नव्हतं.

तरंगायला दोन गोष्टी लागतात, क्षेत्रफळ आणि आकार. मी मूळचा मावळातला. भाताच्या खाचरात जो उतरलाय त्याला क्षेत्रफळाचं सांगावं लागत नाही: टाच रोवली की गुडघ्यापर्यंत जातो, तिथेच फळी टाकली की माणूस आरामात उभा राहतो. आकाराचं मात्र स्कीवाल्यांनाही उशिरा कळलं. 1988 मध्ये ॲटॉमिक या स्की कंपनीच्या रूपर्ट ह्युबरने स्नोबोर्ड उभा चिरून दोन पायांना दोन केले, तेव्हा पहिली रुंद जोडी आली. पुढे शेन मॅककॉन्की हा स्कीपटू अलास्कात चक्क पाण्यावरच्या स्कीला बाइंडिंग ठोकून डोंगर उतरला आणि 2002 मध्ये त्याच्या कल्पनेतली व्होलांट स्पॅच्युला ही स्की बाजारात आली. इतर स्की मध्ये उचललेल्या धनुष्यासारख्या, तो कॅम्बर. ही नेमकी उलटी, होडीच्या तळासारखी, दोन्हीकडून वर येणारी. आज ज्याला रॉकर म्हणतात तो इथून पसरला. रॉकर असला की टोक आपण होऊन वर येतं, मागे रेलून मांड्या जाळाव्या लागत नाहीत.

आता माझी जोडी बघा. रुंदी 84, कॅम्बर असा की बर्फावर वजन पडलं की टोकं खाली दाबली जाणार. वर बाइंडिंग मधोमध. पार्कमध्ये ते हवंच, गिरकी घेताना पुढचं-मागचं वजन सारखं लागतं. पण पावडरमध्ये बूट तीन-चार बोटं जरी पुढे सरकला तरी समोर उरलेली स्की तोकडी पडते आणि माणूस नाकावर जातो. पावडरच्या जोडीवर बाइंडिंग मध्याच्या सहा ते दहा सेंटिमीटर मागे असतं ते उगीच नाही. त्या दिवशी आइनस्टाइनने जरी माझे पाय चालवले असते तरी तो नाकावरच पडला असता.

दुसऱ्या दिवशी मी सूड घेतला. म्हटलं, पाय चालले पाहिजेत ना? चला पार्कमध्ये, तुमच्या 116 वर. साडू तयार! माणूस घाबरट नाही, हे मान्य करायला हवं. पहिला रुंद बॉक्स त्यांनी सहज पार केला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग छोटी उडी. कॅम्बर नसला की उडीच्या चढाच्या टोकावर स्की परत उसळी देत नाही, ओल्या फळीवरून उडी मारल्यासारखं होतं. हवेत पुढची लांबलचक टोकं फडफडायला लागली, टेकताना ते मागच्या पायावर गेले आणि निमुळती शेपटी बाजूला निघून गेली. तरी उभे राहिले. तिसऱ्याला लोखंडी रेल, म्हणजे वरून घसरायचा कठड्यासारखा दांडा. मध्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. खाली येऊन स्की उलटी केली तर बुटाखालची पोलादी कड तडकलेली, आणि त्या तडीपाशी तळाचं प्लॅस्टिक नखभर उचललेलं.

पार्कच्या स्कीची कड जाड असते, साधारण अडीच मिलिमीटर, आणि शहाणी माणसं रेलवर जाण्याआधी बुटाखालची धार कानसीने घासून बोथट करतात, नाहीतर ती लोखंडात अडकते. पावडरच्या जोडीला वजन कमी करायचं असतं. आत हलकं पॉलोनियाचं लाकूड, वर पातळ कड. तिला रेलवर नेणं म्हणजे विळीने नारळ फोडणं.

साडूंचं म्हणणं, रेलच खडबडीत होता. अजूनही तेच म्हणणं आहे. दर गणपतीला आरती झाली की प्रसादाच्या वाटीबरोबर हा विषय निघतो. “तुझी स्की हरवली ती तुला वळता येत नव्हतं म्हणून, माझी तडकली ती रेलमुळे.” म्हणजे माझ्या बाबतीत दोष माणसाचा, त्यांच्या बाबतीत वस्तूचा. बायको म्हणते सोडून दे. सोडलं असतं, पण हा माणूस हेच तत्त्वज्ञान नव्या लोकांना वाटत फिरतो आणि ते लोक मग इथे प्रश्न विचारतात.

आता तुमचं. तुमचं वजन, उंची काही लिहिलेलं नाहीत, त्यामुळे मोघम सांगतो. खरोखर दोन्ही करणार असाल तर दोन जोड्या: पार्कला 84 ते 92 मिलिमीटर रुंद, कॅम्बरवाली, वापरलेली घ्या, कारण रेल तिची वाट लावणारच. ॲल्युमिनियमचे थर असलेली पार्कसाठी घेऊ नका, वाकली की वाकलेलीच राहते. पावडरला 110 च्या पुढे, पुढेमागे रॉकर. आणि गॅरेजचा हट्ट असेल तर पार्कची विकत घ्या, वादळाच्या दिवशी पावडरची भाड्याने घ्या. उलटं करू नका. आपल्या इथला बर्फ हलका, आल्टाच्या बर्फात पाणी साधारण 8-9 टक्केच, पण गर्दी अशी की सुट्टीच्या दिवशी साडेदहानंतर सगळा उतार नांगरलेल्या शेतासारखा होतो. मग उरलेला दिवस 116 च्या फळ्या घेऊन ढेकळांवर आपटत बसायचं. रुंद स्कीची कड बुटाच्या बाहेर असते, कडक बर्फावर ती रोवायला गुडघा पिळावा लागतो. माझा डावा गुडघा याची साक्ष देईल.

मधला मार्ग म्हणून 98 ते 102 ची, बुटाखाली कॅम्बर आणि दोन्ही टोकांना थोडा रॉकर असलेली ट्विन टिप मिळते, बाइंडिंग मध्याच्या तीन-चार सेंटिमीटर मागे. एक फुटापर्यंत पावडर आणि पार्कमधल्या उड्या तिच्यावर होतात. रेलवर ती जड वाटेल. बरेच जण खूश असतात तिच्यावर. मला ती म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बिर्याणी एकाच पातेल्यात केल्यासारखी वाटते, पण हे माझं मत.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पार्कमध्ये मी स्वतः बॉक्स आणि छोट्या उड्यांपुरताच आहे, मोठ्या रेलबद्दल माझं ऐकण्यापेक्षा तिथल्या विशीतल्या पोरांना विचारा. आणि दुसरं, साडू शंभर टक्के चूक नाहीत. नामवंत स्कीपटू आल्फ एंगनने 1940 च्या दशकाच्या शेवटी आल्टाला स्कीशाळा हातात घेतली, तेव्हा लोक दोन मीटरपेक्षा लांब, सरळसोट, आजच्या मानाने काडीसारख्या अरुंद लाकडी फळ्यांवर याच कॅन्यनमध्ये याच पावडरमध्ये उतरत होते, आणि मजेत उतरत होते. म्हणजे पाय चालले की होतं. पण त्या फळ्या लांब होत्या, बाइंडिंग मागे होतं आणि ती माणसं वर्षानुवर्षं तेच करत होती. शनिवार-रविवारी डोंगरावर जाणाऱ्या, आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एंगनचं उदाहरण देऊ नये. हे मी साडूंना तोंडावर सांगितलेलं नाही, गणपतीला सांगेन.

माझी डावी स्की ऑगस्टमध्ये मिळाली. बर्फ वितळल्यावर आई-बाबांना रानफुलं दाखवायला वर घेऊन गेलो होतो, फोनमध्ये त्या जागेची खूण ठेवलेली होती. मी उकरलं होतं त्याच्या पंधरा-वीस पावलं वर, निळ्या फुलांत आडवी पडलेली. कडा गंजून तांबड्या, ब्रेकमध्ये गवत. आईने विचारलं, “ही एकच फळी घेऊन काय करणार?” आता ती गॅरेजच्या भिंतीवर आहे, म्हणजे जागेचा प्रश्न आमच्याकडेही आहेच.

एक काम मात्र तुम्ही आजच करा, जोडी कुठलीही घ्या. प्रत्येक बाइंडिंगला दीड-दोन मीटरची भडक रंगाची फीत बांधा आणि उरलेली गुंडाळून पँटच्या पायात खोचा. फक्त खोचा, पायाला बांधू नका, हिमकडा सुटला तर स्की तुम्हाला खाली ओढेल. स्की सुटली की फीत उलगडते आणि वर दिसत राहते. दुकानात तयार मिळते. मी परकराची लाल नाडी वापरतो, आई दर वेळी पुण्याहून डझनभर आणते. साडू पहिल्या वर्षी खूप हसले. गेल्या डिसेंबरात निघताना हळूच म्हणाले, “त्या दोन नाड्या असतील तर देऊन ठेवा.”