बुरशीची ढेप उन्हात घातली की झालं?

पाऊस लागला की जनावरांच्या खाद्याबद्दल तेच ते प्रश्न येतात. यंदाही आले. त्यातल्या काहींची उत्तरं.

सरकी ढेपेची (सरकीच्या पेंडीची) पोती सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर चालतं ना? (कळमेश्वर)

नाही. फरशीला ओल येते. खाली लाकडी फळ्या टाका, पोती जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा.

ढेपेवर हिरवट बुरशी आली. शेजारी म्हणतात, दोन दिवस कडक ऊन दाखवा, झटका आणि घाला. दूध तर आम्ही उकळूनच पितो. (काटोल)

हा शेजारी प्रत्येक गावात असतो. उन्हानं बुरशी सुकते, पण तिनं आधीच सोडलेलं अफलाटॉक्सिन नावाचं विष ढेपेतच राहतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. झटकून तुम्ही फक्त पुरावा घालवता.

गाईच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही भाग यकृतात रूप बदलतो आणि पहिल्या दिवसभरातच दुधात उतरतो. दूध उकळलं तरी तो जात नाही. म्हणून तर दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी 0.5 मायक्रोग्रॅम आहे. याच विषानं 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. खाण्यात बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड होती.

ढेप बंद केली की दूध काही दिवसांत निवळतं. यकृताचं नुकसान इतक्या लवकर भरत नाही. ‘मग भाकड गाईला घालू, वासरांना घालू’ असंही लोक विचारतात. वासरांना तर हे विष जास्तच बाधतं. चांगल्या ढेपेत थोडी थोडी मिसळून संपवायची युक्तीही नको, त्यानं चांगली ढेपही वाया जाते. बुरशीची ढेप पुरून टाका. बाकीच्या पोत्यांबद्दल शंका असेल तर वरून, मधून, खालून मूठ मूठ काढून कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये नमुना घामेजतो आणि बुरशी वाटेतच वाढते. तपासणी कुठे होईल, हे नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. अहवाल येईपर्यंत ती पोती बाजूला.

दुकानदार म्हणतो, टॉक्सिन बाइंडर मिसळा, मग कुठलीही ढेप चालते. (हिंगणा)

बाइंडरही तोच विकतो आणि सवलतीतली ढेपही तोच, हे लक्षात आलं का? बाइंडरमधली बेंटोनाइटसारखी माती अफलाटॉक्सिनला पोटात काही प्रमाणात धरून ठेवते, सगळ्या बुरशींच्या विषांना नाही. चांगल्या खाद्यात खबरदारी म्हणून ते ठीक आहे. मात्रा तुमच्या पशुवैद्यकाकडून घ्या, डब्यावरच्या जाहिरातीवरून नको.

बुरशी लागू नये म्हणून पोत्यात सल्फासची गोळी ठेवू का? (उमरेड)

अजिबात नाही. तिच्या वायूनं माणसं मरतात. शिवाय ती किडीची गोळी आहे, बुरशीची नव्हे.

मका पुरेसा वाळला, हे घरी कसं ओळखावं? (सावनेर)

काचेची कोरडी बाटली घ्या. तिच्यात मूठभर मका आणि तव्यावर गरम करून थंड केलेलं दोन चमचे मीठ टाका, झाकण लावून चांगली हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, मका परत उन्हात. नाही चिकटलं तरी लगेच पोती शिवू नका. साठवायला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो आणि तो मीटरवरच कळतो. तुमच्या भागातल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, मीटर कुठे आहे ते सांगतील.

धानाचं तणीस (पेंढा) पावसात भिजलं होतं, तेच घालतोय. आठ दिवसांपासून म्हशीच्या शेपटीचा शेंडा काळा पडलाय. घरगुती लेप सांगा. (रामटेक)

आठ दिवस! लेप नाही, आजच डॉक्टरांना बोलवा. भिजलेल्या तणसावरच्या बुरशीमुळे होणारा डेगनाला हा आजार असू शकतो. त्यात शेपटी, कान आणि खुरांकडचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग सडून गळतो. नक्की काय ते डॉक्टर पाहूनच सांगतील. तणीस या क्षणी बंद करा आणि डॉक्टर आलेच आहेत तर बाकीच्या म्हशींचेही कान, शेपटी, खूर तपासून घ्या.